गुण येण्याचं शास्त्र

मी पीएच.डी. झालो ही बातमी नांदेडहून लातूरला पोचेपर्यंत तिचा पार कायापालट झाला होता. त्यात नवल नव्हतं. त्या रस्त्यावर धडधाकट माणसाचाही कायापालट होतो. मी वर्षानुवर्षं ज्या एस.टी.नं ये-जा केली तिच्या स्टेअरिंगला इतका खेळ होता, की ड्रायव्हर लोह्यात चाक फिरवायचा आणि गाडी अहमदपूरला वळायची. खोटं वाटत असेल तर त्या गाडीतल्या कुणालाही विचारा. जे वाचलेत ते सांगतील.

माझा विषय होता गतिमान प्रणालींचा गुणात्मक नियंत्रण सिद्धान्त. नुसतं नाव ऐकून आमच्या कॉलेजच्या शिपायाला ठसका लागला होता, आणि प्राचार्यांनी ते सत्काराच्या भाषणात वाचताना मध्येच पाणी मागितलं होतं. माझे दाजी, म्हणजे थोरल्या बहिणीचे यजमान, लातूरला गोलाईत कापडाचं दुकान चालवतात. त्यांनी फोनवर ते नाव माझ्याकडून पुन्हा पुन्हा म्हणवून घेतलं आणि त्यातला कळला तेवढा एकच शब्द घट्ट धरला. गुण.

आता आमच्याकडे गुण दोनच ठिकाणी सापडतो. एक परीक्षेत मिळतो, दुसरा औषधाला येतो. लातूर हे पहिल्या गुणाचं गाव. सकाळी शिकवणीला निघालेली पोरं रस्त्यावर इतकी, की एकदा त्यांच्यात अडकलेला एक म्हातारा तसाच वाहत क्लासमध्ये गेला आणि संध्याकाळी रसायनशास्त्र शिकून बाहेर पडला. दुसऱ्या गुणाची गरज तर सगळ्या जगालाच. दाजींनी दोन्ही गुणांची गाठ मारली आणि दुकानात येईल त्याला सांगत सुटले, की आमचा मेव्हणा गुण आणायच्या शास्त्रात डॉक्टर झाला.

पुढच्या खेपेला मी गेलो तर दुकानात गादीवर दोघंजण माझी वाट बघत बसलेले. एक मुलीला डॉक्टर करायला निघालेला बाप, दुसरा थेट नायगावकडून आलेला, गुडघ्याला फडकं गुंडाळलेला गृहस्थ. मी त्यांना नाही म्हणालो नाही. आल्या माणसाला नाही म्हणणं आमच्या घराण्यात बसत नाही. मुलीच्या बापाला सांगितलं, की गुण किती मिळतील हे आमचं शास्त्र विचारत नाही, गाडी कोणत्या दिशेला चाललीय एवढं बघतं. गुडघेवाल्यालाही तेच सांगितलं. दोघांनाही ते लागू पडलं. एकानं पेढे दिले, दुसरा चालत एस.टी. स्टँडपर्यंत गेला. दाजींच्या डोळ्यांत पाणी आलं.

वर, माडीवरच्या स्वयंपाकघरात, अक्का हसून हसून लोळायची बाकी होती.

अक्का मला तम्मा म्हणायची. आमची आई उदगीरकडची, तिच्या बोलण्यात निम्मं कानडी. धाकट्या भावाला तिकडं तम्मा म्हणतात. माझ्या डोक्यावरचे केस गेले, चष्म्याचा नंबर वाढला, पण मी तम्माच राहिलो. माझं बोलणं चाळून घेणारी जगात ती एकटी होती. मी म्हणालो की गोदावरीला पूर आला आणि पाणी माझ्या तिसऱ्या मजल्यावर चढलं, तर ती शांतपणे विचारायची, म्हणजे चपला भिजल्या होय.

तिनंच मला एकदा समोर बसवून विचारलं, की लोकांना सांगतोस ते राहू दे, खरं काय शिकलास ते सांग. मग मी तिला परात दाखवली. साधं गणित विचारतं, किती. आमचं गणित विचारतं, शेवटी काय. परातीत गोटी सोडली तर ती किती वेळ फिरेल ते आम्ही मोजत बसत नाही. ती बुडाशी येऊन थांबणार, एवढं कळलं की आमचं काम झालं. परात पालथी घालून तिच्या टोकावर गोटी ठेवली तर ती घसरणार. कधी घसरणार ते विचारायचं नाही. घसरणार. आता त्या पालथ्या परातीवर गोटी टिकवायची असेल, तर हाताशी आहेत तेवढ्या उपायांनी ते जमण्यासारखं आहे का, हा नियंत्रणाचा प्रश्न. जमण्यासारखं नसेल तर तसं आधीच सांगायचं.

अक्का भाकरी थापता थापता म्हणाली, "म्हणजे करायच्या आधीच न्हाई म्हणायला शिकलास. त्याला सरकार पगार देतंय?"

मी चिडलो. दाजींचा कापड मोजायचा लोखंडी गज आणला आणि तळहातावर उभा केला. उभी काठी तोलायची तर हात सारखा हलता ठेवावा लागतो. काठी जिकडं झुकेल तिकडं हात न्यायचा, आणि वेळेवर न्यायचा. मी तो नेला, पण गज दुसरीकडं गेला आणि लोणच्याच्या बरणीचा निकाल लागला. अक्कानं पिठाचा हात पदराला पुसला, गज घेतला आणि उभा केला. तो तिच्या तळहातावर दीपमाळेसारखा उभा राहिला. ती माझ्याशी बोलत होती, पातेल्यातला चहा बघत होती आणि गज उभा होता. दाजी म्हणतात चहाला उकळी येईपर्यंत. मी सांगतो, चहा उकळला, आटला, पातेलं काळं पडलं, तरी गज उभाच होता.

तो हात तिनं माझ्यासारखा पुस्तकातून कमावला नव्हता. आम्ही लिंगायत. लहानपणी दीक्षेत मिळालेलं इष्टलिंग कापडात बांधून गळ्यात घालायचं, आणि पूजेच्या वेळी सोडून डाव्या तळहातावर घ्यायचं. तळहात हेच देऊळ. उजव्या हातानं पाणी घालायचं, भस्म लावायचं, बेलाचं पान ठेवायचं, आणि मग नजर न हलवता त्याच्याकडं बघत बसायचं. हात हलला की देऊळ हललं. लिंग खाली पडणं ही गोष्ट आमच्यात बोलूही नये अशी. जुन्या बाया सांगायच्या, पूर्वी असं झालं तर माणसं अन्नपाणी सोडायची. अक्कानं दीक्षेपासून एक दिवस पूजा चुकवली नव्हती. माझं इष्टलिंग नांदेडला कपाटात असतं हे तिला ठाऊक होतं. "तुझा देव कपाटात आणि तुझं नाव दारावर," ती म्हणायची, माझ्या दारावरच्या पाटीवरून.

पहिल्यांदा चुकली ती भाकरी. तव्यावर टाकायला गेली आणि भाकरी तव्यापलीकडं शेगडीवर पडली. अक्का स्वतःलाच हसली. मग चहाच्या कपाकडं हात न्यायची तर तो कपाच्या पुढं जायचा, ओढून घ्यायची तर फार मागं यायचा, पुन्हा पुढं, आणि मग कुठं कान सापडायचा. मी समोर बसून ते बघितलं. घरातल्यांना वाटलं थकवा आहे. मला दिसत होता उशीर. हात कुठं आहे ही बातमी आत उशिरा पोचत होती, आतून सुटलेला हुकूम बाहेर उशिरा येत होता, तोवर हात पुढं निघून गेलेला. ती लोह्यात वळत होती आणि हात अहमदपूरला. असल्या झोक्यांची चित्रं मी फळ्यावर इतकी काढली होती, की खडूचा कारखाना माझ्यावर चालावा. पण ती सगळी खडूची होती.

मग चालणं गेलं. गोलाईला सगळीकडून रस्ते येऊन मिळतात. लातुरात हरवलेला माणूस शेवटी गोलाईतच येतो. आमच्या भाषेत अशा जागेला आकर्षक म्हणतात, मग ती दिसायला कशी का असेना. त्या गोलाईत अक्का भाजी आणायला निघाली की या बाजूच्या दुकानापासून त्या बाजूच्या हातगाडीपर्यंत हेलकावत जायची. एका शहाण्यानं दुकानात येऊन दाजींना हळूच विचारलं, की वहिनी अलीकडं काही घेतात काय. आमची अक्का, जिच्या घरात खोकल्याच्या औषधाच्या बाटलीवरचंसुद्धा बारीक अक्षर वाचून मगच झाकण उघडायचे! दाजी आयुष्यात कुणावर ओरडले नव्हते. त्या दिवशीही ओरडले नाहीत. त्यांनी भर दुपारी दुकानाचं शटर ओढलं, वर आले आणि तिला म्हणाले, आपण नांदेडला जाऊ, तुझ्या भावाकडं.

नांदेडच्या डॉक्टरांनी तिला नाकाला बोट लावायला सांगितलं, रेघेवर चालायला सांगितलं, डोक्याचा फोटो काढला. मागच्या बाजूचा लहान मेंदू वाळत चालला होता. अक्का म्हणाली, मोठा शाबूत हाय न्हवं, मग लहानाचं एवढं काय. आणि माझ्याकडं बघून पुढं म्हणाली, की घरात धाकटा कामचुकार निघाला की थोरल्यावर येतंच. डॉक्टरसुद्धा हसले. दाजी गोळ्या आणायला खाली गेले तेव्हा डॉक्टरांनी मला दाराशी थांबवून सांगितलं. हे वाढत जाणार. थांबवायचं औषध नाही. व्यायाम करा, आधार द्या, पडू देऊ नका.

मला ते दुसऱ्यांदा ऐकल्यासारखं वाटलं. पहिल्यांदा ते त्या चहाच्या कपानं सांगितलं होतं. आमच्या शास्त्रात गाडी भरकटते, नाव डोलते, गोटी घसरते. हाकणारा मात्र धड असतो. सगळी प्रमेयं तो धड आहे असं धरूनच सुरू होतात. इथं हाकणाराच झिजत होता.

त्यांना लातूरला पोचवायला मी निघालो, तेव्हा गाडीत अक्कानं आपलं म्हणणं सांगितलं. चालणं राहू द्या, धरून चालेन. स्वयंपाकाला बाई लावा. हात तेवढा पूजेपुरता राहिला पाहिजे. दाजी म्हणाले, राहील की, तम्मा आहे ना, त्याचं शास्त्रच ते आहे. त्या वेळी ती खिडकीबाहेर बघत होती. हसली नाही.

व्यायाम शिकवायला येणाऱ्या बाईंनी एक उपाय सुचवला. मनगटाला वजन बांधायचं. जड हात सावकाश हलतो, झोके मरतात. मला ते इतकं पटलं की मी त्यावर दाजींना भर दुकानात व्याख्यान दिलं. दाजींनी मांजरपाटाची छोटी पिशवी शिवली, मी नांदेडहून वाळू आणली. गोदावरीची वाळू, असं दाजींनी गोलाईभर सांगितलं. ती आमच्या शेजारच्या बांधकामावरची होती, पण ती तरी शेवटी कुठून तरी नदीतूनच आली असेल.

आणि गुण आला. खरंच आला. पिशवी बांधलेला उजवा हात पाण्याची झारी घेऊन निघायचा तो नीट तळहातावर जाऊन थांबायचा. अक्कानं पहिल्या दिवशी पूजा आटोपून बेलाचं पान मला दाखवलं. ते अगदी मधोमध बसलं होतं. दाजींनी गल्लीत पेढे वाटले. शेजारच्या बाईनं थोडी वाळू मागितली, सुनेच्या जिभेला बांधायला. दाजी मला फोनवर आता "गुणात्मक साहेब" म्हणायला लागले, आणि मीही त्या नावाला ओ द्यायला लागलो. कॉलेजात मुलांना मी ती पिशवी फळ्यावर काढून दाखवली.

पण पिशवीच्या आत हात होता आणि हाताच्या पलीकडं ती वाळत चाललेली जागा. पुढच्या उन्हाळ्यात हलकी पिशवी पुरेना. जड केली तर हात दुखायचा आणि पाट धरून बसायची ती कलंडायची. मग तिनं ताकद लावून बघितलं, दात खाऊन, सगळा जोर हातात आणून. उशीर असताना जोर वाढवला की झोके कमी होत नाहीत, वाढतात. हे मी वर्गात दरवर्षी शिकवतो. तिला नाही शिकवलं. तिच्या समोर बसून झारीतलं पाणी भिंतीवर उडताना बघितलं, आणि सांगितलं की भिंतीलाही आंघोळीची गरज होती. तेव्हा ती हसली.

आता मी दर रविवारी लातूरला जात होतो. अशाच एका रविवारी सकाळी वर गेलो तर अक्का पूजेच्या पाटावर बसलेली, पुढ्यात सगळं मांडलेलं, पण इष्टलिंग अजून गळ्यात. दाजी खाली दुकानात. तिनं मला दार लोटून घ्यायला सांगितलं. मग म्हणाली, की काल हातावरून सुटलं. मांडीवर पदर पसरला होता म्हणून पदरात पडलं. भुईला लागलं न्हाई. हे सांगताना तिचा आवाज इतका बारीक झाला, की बाहेर चिमण्या बोलत होत्या त्याही मोठ्यानं बोलतायत असं वाटलं.

मी खाली बसलो. माझ्याकडं तेव्हा सांगायला पुष्कळ होतं. हैदराबादला एक डॉक्टर आहे. परदेशात एक मशीन निघालंय. एक माणूस होता, तो तर यापेक्षा वाईट होता आणि आता ट्रॅक्टर चालवून राहिलाय. तो ट्रॅक्टरही मी मनात रंगवून ठेवला होता, लाल.

अक्का म्हणाली, "तम्मा, लांब सांगू नको. मला रोज हे हातावर घ्यायचं असतंय. गुण येणार का न्हाई?"

मी म्हणालो, "न्हाई, अक्का."

"हाय तेवढ्यावर तरी थांबंल?"

"न्हाई."

तिनं माझ्याकडं बघितलं. माझं बोलणं चाळायची तिची सवय मला लहानपणापासून माहीत. या वेळी चाळण्याजोगं तिला काही सापडलं नाही. "हाव," ती मान डोलावून म्हणाली. मग म्हणाली, "जा, हात धुऊन ये."

मी हात धुतले. तिनं मला समोर, गुडघ्याला गुडघा लावून बसवलं, आपला डावा तळहात पसरला आणि त्याखाली माझा घ्यायला लावला. मग गळ्यातलं सोडून इष्टलिंग आपल्या तळहातावर ठेवलं. तिचा हात माझ्या हातात हलत होता. आधी मी तो धरून ठेवायला गेलो, तर झोका वाढला. मग मी सोडून दिलं. तो जिकडं जाईल तिकडं माझा नुसता खालून जात राहिला. त्यानं झोका थोडा निवला. उजव्या हातानं ती पाणी घालायला लागली. पाणी माझ्या मनगटावर पडलं, बाहीत शिरलं, कोपरापर्यंत गेलं, आणि थोडं तिथं पडलं जिथं पडायला हवं होतं. भस्म माझ्या अंगठ्याला लागलं, माझ्या घड्याळाला लागलं, मग लिंगाला. बेलाचं पान खाली पडलं, ते तिनं घेतलं नाही, दुसरं घेतलं. तेही पडलं. तिसऱ्यासाठी ताटलीत चाचपताना तिचे ओठ हलत होते. ती काय म्हणत होती ते मला येत होतं, लहानपणी तिनंच शिकवलं होतं, पण माझ्या तोंडातून निघेना.

पान बसलं. वाकडं बसलं, पण बसलं. मग ती बघत राहिली. आमचे दोन हात हलत होते, तिची मान हलत होती, आणि नजर तेवढी एका जागी होती.

पूजा झाल्यावर तिनं ते पुसलं आणि कापडात बांधायला लागली. गाठ मारायला इतका वेळ लागला, की माझा हात दोनदा पुढं झाला. तिनं मानेनंच नको म्हटलं. शेवटी दातात एक टोक धरून तिनं गाठ आवळली, गळ्यात घातलं आणि पदराखाली सारलं.

"आता हातावर घ्यायचं न्हाई," ती म्हणाली. "गळ्यात राहू दे. हितनंच करीन." आणि मी ताटली उचलायला लागलो तेव्हा, "खाली त्यायला काही सांगू नको. त्यायला वाटून राहिलंय, गुण येऊन राहिलाय. वाटू दे."

मी जिना उतरलो. बाही ओली होती. दुकानात एक बाई ब्लाऊजच्या कापडासाठी बसली होती आणि दाजी तिला निळ्यातले रंग दाखवत होते. मला बघितल्यावर त्यांचा चेहरा फुलला. काय म्हणतंय शास्त्र, गुणात्मक साहेब, त्यांनी विचारलं.

मी म्हणालो, "गुण येऊन राहिलाय, दाजी."

दाजी थांबले. माझं असलं वाक्य एवढ्यावर कधी संपत नसे. त्याच्या मागनं काहीतरी यायचं, हत्ती, पूर, ट्रॅक्टर. त्यांनी हातातलं कापड तसंच धरून वाट बघितली. बाईनंही वर बघितलं. मी बाही पिळत उभा राहिलो.

"इतकंच?" दाजी म्हणाले.

"इतकंच."

ते वळले. मागच्या फळीवरून त्यांनी आणखी एक थान काढलं आणि बाईपुढं उलगडलं. मग त्याच्यावर दुसरं. बाई म्हणाली, काका, मला ते पहिलंच पसंत हाय, कशाला एवढी काढून राहिलात. दाजी म्हणाले, बघा तर, बघायला काय जातंय, आणि काढत राहिले, निळी, जांभळी, लाल, नुसती पांढरीसुद्धा. गादीवर कापडाचा ढीग वाढत गेला, आणि थोड्या वेळानं त्याच्यापलीकडं मला त्यांचं तोंड दिसेनासं झालं.